चास, पाबळ आणि खेड : पडद्यावरच्या राण्यांची खरी गावे

ऐतिहासिक चित्रपटांचा एक प्रकार जगभर लोकप्रिय असून त्याची मांडणी जवळपास ठरून गेलेली आहे : एक सिंहासन, एक राजा आणि त्या राजावर किंवा त्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रिया. युद्धे, दरबार, दागिने आणि भरजरी वस्त्रे यांची कितीही रेलचेल असली तरी प्रेक्षक वाट पाहतो ती या दोघी समोरासमोर उभ्या राहण्याची, आणि पटकथाकार, म्हणजे कथानक प्रसंगांमध्ये बांधून देणारा लेखक, आपले सारे कसब त्या एका भेटीवर पणाला लावतो. मराठी कादंबऱ्या, नाटके, मालिका आणि मराठी इतिहासावरचे हिंदी चित्रपट यांनीही ही मांडणी पुन्हा पुन्हा वापरली आहे, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या काही मोजक्या गावांनी पुरवली आहे.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहून नेणारा ट्रक अडवताना प्राण देणारा हा गिरणीकामगार याच मातीतला, आणि गावाची महाराष्ट्रभर ओळख आहे ती त्याच्या नावाने. मात्र या गावाला मध्यबिंदू मानून भोवताली नजर फिरवली तर वेगळाच नकाशा उलगडतो. वायव्येला जुन्नर आणि शिवनेरी, उत्तरेला तमाशाचे नारायणगाव, दक्षिणेला भीमेच्या काठचे खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर, नैर्ऋत्येला बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर असलेले चास आणि आग्नेयेला मस्तानी यांची कबर असलेले पाबळ, ही सारी ठिकाणे येथून एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आहेत. या गावांचा इतिहास पडद्यावरच्या कथेशेजारी ठेवून वाचला की एक विसंगती ठळकपणे समोर येते : ज्या दोन स्त्रियांचे नाते चित्रपटाने सवतींची जुगलबंदी म्हणून रंगवले त्यांच्यातील वैराचा पुरावा फार तोकडा आहे, आणि ज्या राण्यांनी राज्यासाठी एकमेकींशी खरोखर झुंज घेतली त्यांच्याकडे मोठ्या पडद्याचे लक्ष त्या मानाने फारच थोडे गेले आहे.

ही खोड केवळ भारतीय चित्रपटाची नाही. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची राणी मेरी यांच्या संघर्षावर युरोपात जितके लिहिले आणि रंगवले गेले तितके फार थोड्या राण्यांवर लिहिले गेले असेल. मेरी सुमारे एकोणीस वर्षे एलिझाबेथच्या कैदेत होती आणि फेब्रुवारी १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. परंतु एवढ्या काळात या दोघींची एकदाही प्रत्यक्ष भेट झाली नाही. जर्मन नाटककार शिलर याने १८०० साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकात त्यांची भेट घडवून आणली, ती कल्पित भेट इतकी परिणामकारक ठरली की पुढे १९७१ आणि २०१८ या दोन्ही वर्षांच्या इंग्रजी चित्रपटांना ती टाळता आली नाही. वास्तवात या दोघींमधला व्यवहार पत्रे, दूत आणि हेर यांच्यामार्फत चालला होता, आणि वादाचा विषय इंग्लंडच्या गादीचा वारसा व कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन ख्रिस्ती पंथांचे वैर हा होता. पत्रव्यवहार पडद्यावर दाखवणे अवघड असते, तर दोन नामवंत अभिनेत्रींना एका चौकटीत आणणे सोपे आणि फलदायी असते. जे इतिहासात घडले नाही ते नाट्याची गरज म्हणून घडवले जाते, आणि काही पिढ्यांनंतर तेच लोकांच्या स्मरणात इतिहास म्हणून उरते.

मराठी इतिहासात याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे संजय लीला भन्साळी दिग्दर्शित, १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झालेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट. ना. सं. इनामदार यांच्या १९७२ मधील ‘राऊ’ या मराठी कादंबरीवर तो आधारलेला होता; त्यात रणवीर सिंह यांनी बाजीरावांची, दीपिका पदुकोण यांनी मस्तानी यांची आणि प्रियांका चोप्रा यांनी काशीबाईंची भूमिका केली. उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तसेच बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई साकारणाऱ्या तन्वी आझमी यांना उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा. छायाचित्रण आणि नेपथ्य यांत हा चित्रपट उच्च दर्जाचा आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याने या कुटुंबाची कथा कोणत्या साच्यात ओतली याचा.

प्रथम काही मूलभूत गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पेशवा म्हणजे छत्रपतींचा मुख्य प्रधान. गादी साताऱ्याला होती आणि तिच्यावर शाहू महाराज होते, त्यामुळे पुण्यातील पेशव्यांच्या घरातील कोणतीही स्त्री शब्दशः राणी नव्हती. बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा, पेशवाईची वस्त्रे त्यांना १७२० मध्ये मिळाली आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे त्यांचे निधन झाले. काशीबाई या चासच्या महादजी कृष्ण जोशी या संपन्न सावकारांच्या कन्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील पैसा आणि पेशव्यांची वाढती सत्ता यांना जोडणारा हा विवाह होता. फौजा उभ्या करायला सतत कर्ज लागणाऱ्या घराण्यात सावकाराच्या लेकीचे स्थान किती पक्के असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

मस्तानी यांचा प्रवेश या घरात बुंदेलखंडातून झाला. १७२९ मध्ये वृद्ध राजे छत्रसाल यांना मोगल सरदार मुहम्मदखान बंगश याने जैतपूर येथे कोंडीत पकडले असता बाजीरावांनी धाव घेऊन त्यांची सुटका केली. छत्रसालांच्या मुसलमान पत्नीपासून झालेली कन्या ती मस्तानी, ही परंपरा सर्वाधिक प्रचलित आहे. काही जुन्या लेखनात त्यांचे मूळ निराळे सांगितले आहे. छत्रसाल प्रणामी पंथाचे अनुयायी होते आणि त्या पंथात हिंदू व इस्लामी शिकवणीचा मेळ घातलेला होता, ही गोष्ट पुण्याच्या कर्मठ वातावरणाशी ताडून पाहिली म्हणजे पुढच्या संघर्षाचे कारण आपोआप स्पष्ट होते.

येथे मराठी भाषेच्या एका सवयीकडे लक्ष वेधले पाहिजे. मराठी लेखनात आणि बोलण्यात काशीबाईंसाठी नेहमी आदरार्थी बहुवचन येते, तर मस्तानीसाठी सर्रास एकवचन. काशीबाई ‘होत्या’ आणि मस्तानी ‘होती’. एका प्रत्ययाच्या फरकाने समाजाचा निवाडा पिढ्यानपिढ्या पुढे सरकत राहतो, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. तत्कालीन व्यवहारात अशा स्त्रीसाठी ‘नाटकशाळा’ हा शब्द होता. विधिवत विवाह न होता पदरी असलेली, बहुधा नृत्यगायन जाणणारी स्त्री असा त्याचा अर्थ. बाजीरावांनी मस्तानी यांना जे स्थान देऊ पाहिले ते या शब्दात मावणारे नव्हते, आणि सारे भांडण नेमके त्या स्थानाचे होते.

या भांडणात काशीबाईंचा वाटा किती होता याचे उत्तर शोधायचे तर कागदपत्रांकडे वळावे लागते. पेशव्यांच्या राज्यकारभाराची कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांना ‘पेशवे दफ्तर’ म्हणतात, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या पत्रांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. बखरी, म्हणजे घटना घडून गेल्यावर काही काळाने लिहिलेली वृत्तांतवजा कथने, रंगतदार असतात, पण त्या त्या दिवशी लिहिलेल्या पत्राचे मोल त्यांना येत नाही. मस्तानी प्रकरणात विरोधक म्हणून जी नावे ठामपणे पुढे येतात ती राधाबाई, धाकटे बंधू चिमाजी अप्पा आणि थोरले चिरंजीव नानासाहेब यांची; त्यांच्या पाठीशी पुण्याचा ब्रह्मवृंद होता. १७४० च्या सुरुवातीला घरातील मुंज आणि लग्न या कार्यांची तयारी चालू असताना बाजीराव उपस्थित असतील तर कार्ये करणार नाही अशी भूमिका पुरोहितांनी घेतल्याचे सांगितले जाते, आणि बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानी यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. हा निर्णय घरातील पुरुषांनी घेतला होता. त्यामागे धर्म होता, प्रतिष्ठा होती आणि वारशाची काळजीही होती, कारण १७३४ या एकाच वर्षी काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव आणि मस्तानी यांच्या पोटी शमशेरबहादूर जन्मले होते.

एवढा गुंता दोन-अडीच तासांच्या चित्रपटात मांडणे सोपे नाही हे मान्य केले तरी, भन्साळी यांच्या चित्रपटाचा भावनिक गाभा अखेर दोन स्त्रियांच्या नजरानजरेत जाऊन बसतो हे नाकारता येत नाही. ‘पिंगा’ हे गाणे त्याचे शिखर. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकसारख्या नऊवारी साड्या नेसून जोडीने नाचतात. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच या गाण्यावर पेशव्यांच्या वंशजांनी आणि अनेक पुणेकरांनी हरकत घेतली होती. काशीबाईंना पायाचे दुखणे होते असे सांगितले जाते आणि खानदानी स्त्रिया अशा नाचत नसत, हे आक्षेप तेव्हा ठळकपणे मांडले गेले. दोघी कधी एकत्र नाचल्या याला कसलाही आधार नाही, त्यामुळे इतिहासाच्या बाजूने आक्षेप रास्तच होता.

परंतु या गाण्यात त्याहून महत्त्वाची एक गोष्ट हरवली, तिची चर्चा फारशी झाली नाही. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ आहे. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहिता गौरीची पूजा करतात आणि रात्र जागवताना झिम्मा, फुगडी, पिंगा असे खेळ खेळतात. त्या रात्री तेथे पुरुष नसतात, आरसेमहाल नसतो, आणि पाहणारी प्रत्येक बाई पुढच्या घटकेला स्वतः खेळात उतरलेली असते. सासुरवाशिणीला वर्षभरात मनातले बोलायची जी थोडी मुभा मिळे ती या खेळांतून, एकमेकींना शब्दांत पकडत आणि चिडवत. चित्रपटाने हा खेळ त्या माजघरातून उचलून भव्य दालनात प्रेक्षकांच्या नजरेसमोर मांडला आणि त्याला लावणीच्या अंगाने सजवला. लावणी ही स्वतंत्र आणि मोठी कला आहे. ती समोरच्या प्रेक्षकासाठी असते आणि त्याचा तिला अभिमान आहे. पिंगा मात्र बायकांनी बायकांपुरता ठेवलेला होता. दोन स्त्रिया पुरुषाच्या अनुपस्थितीत एकमेकींशी काय बोलल्या असतील, हा या कथेतला सर्वांत मोलाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची जागाही मंगळागौरीने आयती दिली होती. ती संधी गाण्याच्या झगमगाटात वाया गेली, असेच म्हणावे लागते.

सवतीची कथा लोकांना इतकी पटकन पटते याचे एक कारण भाषेतच आहे. ‘सवतीमत्सर’ हा शब्द मराठीत कोणत्याही हेव्यादाव्यासाठी वापरला जातो, दोन कचेऱ्यांमधल्या चढाओढीसाठीसुद्धा. जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या ओव्यांत सवत हा मोठा विषय आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीपासून सुरू झालेल्या ओवीसंग्रहाच्या कामात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत सवतीचे दुःख सांगणाऱ्या ओव्यांना स्वतंत्र स्थान आहे. हे दुःख कल्पित नव्हते. हिंदू पुरुषाने एक पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्यास मुंबई इलाख्यात १९४६ च्या कायद्याने बंदी आली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे आजच्या आजीबाईंच्या आयुष्याच्या आत-बाहेरची ही गोष्ट आहे. तेव्हा प्रेक्षकाला सवतीची कथा भिडते ती खऱ्या अनुभवाच्या आधाराने. दोष आहे तो त्या अनुभवाला राजकारणाच्या जागी बसवण्यात.

राण्यांच्या खऱ्या संघर्षासाठी चास आणि पाबळ यांच्या मधोमध असलेल्या खेडकडे यावे लागते. ऑक्टोबर १७०७ मध्ये येथे दोन मराठी फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. एका बाजूला मोगलांच्या कैदेतून त्याच वर्षी सुटून आलेले, संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव शाहू होते. दुसऱ्या बाजूला संभाजी महाराजांचे बंधू राजाराम महाराज यांच्या पत्नी ताराबाई यांची सेना, सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांच्या नेतृत्वाखाली.

ताराबाईंची बाजू समजून घेतल्याखेरीज या लढाईचा अर्थ लागत नाही. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले तेव्हा ताराबाई अवघ्या पंचविशीच्या होत्या. आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, सात वर्षे मोगलांशी झुंज चालू ठेवली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर जे राज्य जवळपास बुडाले होते ते राजाराम महाराजांनी आणि आपण नव्याने उभे केले, म्हणून त्यावर आपल्या मुलाचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय आलेले शाहू हे खरे शाहू नसून तोतया, म्हणजे दुसऱ्याचे नाव घेऊन आलेला माणूस आहे, असेही त्यांनी जाहीर केले होते. खेडला धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि लढाईचा निकाल तेथेच लागला. धनाजींचे मन वळवण्यात बाळाजी विश्वनाथ भट यांचा वाटा होता असे मानले जाते. हेच बाळाजी पुढे पेशवे झाले आणि बाजीराव हे त्यांचे पुत्र. म्हणजे ज्या पेशवे घराण्याच्या सुनांवर आज चित्रपट निघतात त्या घराण्याच्या भाग्योदयाला भीमेच्या काठच्या या दिवसाने हातभार लावला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

येथे दोन राण्या आमनेसामने होत्या असे म्हणायचे तर ताराबाईंसमोर येसूबाईंचे नाव घ्यावे लागेल, पण येसूबाई त्या दिवशी शेकडो कोस दूर मोगलांच्या कैदेत ओलीस होत्या. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हापासून १७१९ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, त्यांनी कैद सोसली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रायगडाला वेढा पडला असताना, आपला मुलगा लहान आहे तेव्हा राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडून राज्य चालवावे, या निर्णयामागे येसूबाईच उभ्या होत्या. स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून दिराला पुढे करणारी ही राणी आणि त्या दिराच्या पश्चात ते राज्य आपल्या मुलासाठी राखू पाहणारी दुसरी राणी, या दोघींमध्ये मत्सराचा लवलेश दाखवता येत नाही. दोघींनी राज्य वाचवले. पुढे दोघींच्या मुलांना एकच गादी पुरेना, ही शोकांतिका आहे, आणि ती कोणत्याही प्रेमत्रिकोणाहून खोल आहे.

ताराबाईंना सवत होती आणि तिच्याशी त्यांचा संघर्षही झाला, पण तोही गादीसाठीच. शाहूंच्या गादीला उत्तर म्हणून त्यांनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्याला वेगळी गादी उभी केली, तीच कोल्हापूरची. १७१४ मध्ये राजाराम महाराजांच्या आणखी एक पत्नी राजसबाई यांनी रामचंद्रपंत अमात्य यांच्या साहाय्याने पन्हाळ्यावर उठाव घडवला, ताराबाई आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकले आणि आपला मुलगा दुसरा संभाजी याला गादीवर बसवले. सिंहगडावर पती गमावलेल्या दोन विधवा, एक गड, दोन मुलगे आणि एका रात्रीत बदललेली सत्ता : चित्रपटाला याहून अधिक काय हवे? पण या प्रसंगात एकाच पुरुषाच्या प्रेमासाठी झुरणाऱ्या दोन स्त्रिया नाहीत, मध्यभागी रूपवान नायक नाही, त्यामुळे चित्रपटाचा ठरलेला साचा येथे लागू पडत नाही. ताराबाई त्यानंतरही संपल्या नाहीत. शाहूंच्या निधनानंतर, १७५० मध्ये, आपलाच नातू म्हणून गादीवर आणलेल्या रामराजाला त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांच्याशी उघड सामना मांडला आणि १७५२ मध्ये जेजुरीला तह करून त्यातूनही स्वतःची वाट काढली. पानिपतच्या वर्षी, १७६१ च्या डिसेंबरात, त्या वारल्या.

राणीला खलनायिका करण्याचा दुसरा साचा सोयराबाईंच्या वाट्याला आला आहे. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर एप्रिल १६८० मध्ये रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवण्यात त्या पुढे होत्या, संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाशी त्यांचे नाव जोडले गेले आणि १६८१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बखरकाराने तर त्यांना भिंतीत चिणल्याची कथा सांगितली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या, शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटातही त्यांचे रूप कारस्थानी सावत्र आईचेच आहे. प्रत्यक्षात सोयराबाईंचे सख्खे बंधू सेनापती हंबीरराव मोहिते यांनी बहिणीच्या मुलाची बाजू न घेता संभाजी महाराजांना साथ दिली, आणि त्याच हंबीररावांची कन्या ताराबाई पुढे त्याच राजारामांची पत्नी झाली. तळबीडच्या मोहिते घराण्यातील आत्या, भाऊ आणि भाची यांच्या निष्ठांचा हा पेच एवढा अवघड आहे की कोणत्याही एका व्यक्तीला काळ्या रंगात रंगवून तो सुटत नाही.

या पट्ट्यातील लोकांनी राण्यांच्या कथा चित्रपटाच्या कितीतरी आधी पाहिल्या आहेत. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. गावोगावच्या जत्रांसाठी तमाशाचे फड ठरवायला लोक पाडव्याच्या सुमारास तेथील राहुट्यांवर येतात, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. तमाशाचा उत्तरार्ध म्हणजे वग. गण, गवळण आणि बतावणी झाल्यावर सादर होणारे हे सलग कथानाट्य ऐतिहासिक आणि पौराणिक विषयांनी भरलेले असे, आणि राजा, प्रधान, राणी ही त्याची नित्याची पात्रे. दूरचित्रवाणीवर ताराबाईंना न्याय देण्याचा प्रयत्नही याच भागातून झाला : नारायणगावचे अभिनेते आणि शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांच्या निर्मितीसंस्थेने ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’ ही मालिका २०२१ मध्ये आणली. मालिकेच्या हाती वेळ असतो, त्यामुळे कारभार, फितुरी, वाटाघाटी यांना तिथे जागा मिळू शकते. मोठ्या पडद्यासाठी तेच काम करायला धाडसी पटकथाकार लागेल.

चित्रपटाने कल्पनेचा आधार घेऊ नये असा आग्रह धरणे व्यर्थ आहे, कारण कागदांत स्त्रियांचे बोलणे इतके थोडे उरले आहे की कल्पनेशिवाय त्यांना वाचा फुटणारच नाही. मात्र कल्पना कुठे चालवायची याची निवड लेखकाच्या हाती असते. बाजीराव आणि मस्तानी या दोघांचे १७४० मध्ये लागोपाठ निधन झाल्यावर सहा वर्षांचा शमशेरबहादूर पेशव्यांच्या घरातच वाढला, आणि काशीबाईंनी त्याचा सांभाळ केला असे मानले जाते. ज्या मुलामुळे घर दुभंगले होते तो मुलगा समोर आला तेव्हा त्या बाईने काय केले असेल, कोणाला काय उत्तर दिले असेल, हा प्रसंग पडद्यावर येण्याच्या योग्यतेचा होता. चित्रपट त्याआधीच संपला. शमशेरबहादूर मात्र मोठा होऊन मराठ्यांच्या फौजेत लढला, जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर जखमी झाला आणि लवकरच वारला. त्याचा मुलगा अलिबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची नबाबी उभी केली, आणि त्या घराण्याने १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध भाग घेतला. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाजाला लोक मस्तानी दरवाजा म्हणतात त्याला अलिबहादूर दरवाजा असेही नाव आहे. मस्तानी यांच्यासाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात.

काशीबाई बाजीरावांच्या पश्चात अठरा वर्षे जगल्या. त्यांनी काशीयात्रा केली आणि १७४९ मध्ये चासला सोमेश्वराचे देऊळ बांधले. त्रिपुरी पौर्णिमेला तेथील दगडी दीपमाळ उजळते तेव्हा पंचक्रोशीतून माणसे येतात. पाबळची कबर साधी आहे. चित्रपट पाहून या दोघींविषयी मत बनवणाऱ्या वाचकाने एकदा या दोन्ही ठिकाणी जाऊन यावे. महाळुंगे पडवळहून सकाळी निघाले तर संध्याकाळी परत येता येते. चासहून पाबळला जाताना वाट राजगुरुनगरावरून जाते, म्हणजे १७०७ मध्ये ताराबाईंची आणि शाहूंची फौज जेथे भिडली त्या खेडवरून.